निवांत खोलीचा राखणदार

त्या इमारतीत झाडांना छळायचं काम रीतसर चालायचं. शिकलेली माणसं सकाळी डबे घेऊन यायची, पांढरे डगले चढवायची आणि छळाला लागायची. काही रोपांचं पाणी तोडायचं, काहींच्या मुळाशी मीठ ओतायचं, काहींना गारठ्यात कुडकुडत ठेवायचं. मग पानं कापून, वाटून, गाळून पाहायचं, की एवढं सोसूनही झाड उभं कसं राहतं. त्यातून कधीतरी कोरड्या रानातही तग धरणारं पीक निघेल, असं सगळे म्हणत. कधी, ते कुणी विचारत नसे. विचारणं बरं दिसत नसे.

आता छळलेलं झाड किती छळलं गेलं हे ठरवायचं, तर शेजारी एखादं सुखी झाड हवं. त्याशिवाय ताडून कशाशी पाहणार? म्हणून जिन्याच्या डाव्या हाताला एक खोली खास सुखी झाडांसाठी राखली होती. तिला निवांत खोली म्हणत. तिथं काहीही घडू द्यायचं नाही, एवढंच तिथलं काम. आणि हे काहीही न घडू देण्याचं काम ज्याच्याकडे होतं, त्याला सगळी इमारत बिनघोर म्हणायची.

नाव ठेवणारा समोरच्याच खोलीतला. त्या खोलीत तहानलेली, खारावलेली, गारठलेली रोपं असायची, आणि ती सांभाळणाऱ्या गड्याला साहजिकच छळवाला हे नाव पडलं होतं. छळवाल्यानं या शेजाऱ्याला बिनघोर म्हटलं ते पाहूनसवरून. कारण जगातले सगळे घोर लावून घ्यायचे हाच या माणसाचा धंदा होता. दिवा जरा फडफडला की याचं काळीज फडफडे. पंख्याचा आवाज बदलला की याला घास जात नसे. खोलीत शिरताना तो दार असं उघडी, जणू आत कुणी नुकतंच डोळा लागून झोपलंय.

आत लोखंडी फळ्यांवर ओळीनं कुंड्या, आणि कुंड्यांत घेवड्याची रोपं. वरून पांढराशुभ्र उजेड, बाजूनं मंद वारा, आणि कुठल्याशा यंत्राची एकसुरी घरघर. बाहेर ऊन असो की अंधारून येवो, इथं कायम सकाळचेच दहा वाजल्यासारखं वाटे. बिनघोर डगल्याच्या बाह्या दुमडी, नखं कापलेलीच असत ती पुन्हा निरखी, कोमट पाण्यात धुवून धुवून मऊ झालेलं मलमलीचं फडकं बुडवी, पिळी, आणि पहिल्या रोपापाशी उभा राही.

मग सुरू होई ती पानांची आंघोळ. डाव्या तळव्यावर पान घ्यायचं, तान्ह्याचं डोकं घ्यावं तसं. उजव्या हातानं देठापासून टोकापर्यंत फडकं फिरवायचं. पान उलटायचं, पाठ पुसायची. शेवटी कोरड्या अंगठ्यानं मधली शीर दाबत दाबत पान सरळ करायचं आणि हळूच सोडून द्यायचं. एक पान झालं की दुसरं. एक रोप झालं की पुढचं. इमारतीतली विद्वान मंडळी चहा पिऊन वर येईपर्यंत याच्या सगळ्या फळ्या न्हाऊनमाखून, चकचकीत होऊन तयार असत. पाहुणे आले की त्यांना आधी निवांत खोली दाखवत. पाहुणे म्हणत, "वा! पानं आहेत की आरसे!" त्या एका वाक्यावर बिनघोर पुढचे पाहुणे येईपर्यंत जगे. रोपं जरा बुटकी भरत, पण बुंध्याला दणकट. तो म्हणे, सुखाचं अंग असंच असतं.

फडक्याचं कुणी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. संस्थेच्या प्रत्येक अहवालात मात्र एक वाक्य न चुकता छापून यायचं: "तुलनेची रोपे कोणताही हस्तक्षेप न करता वाढवण्यात आली." ते एकदा बिनघोरला कुणीतरी वाचून दाखवलं, तेव्हा तो लाजून लाल झाला. त्याला वाटलं, आपलं कौतुक छापलंय.

"काय रे, झाली का तुझ्या राजकन्यांची आंघोळ?" छळवाला दारातूनच विचारी. हातात चहाचा पेला, खांदा चौकटीला टेकवलेला. रोपांना मारायचं काम तो चौकटीला टेकल्या टेकल्या करी. पाणी द्यायचं नाही, हे काम टेकूनच होतं.

"तू आत येऊ नकोस. तुझ्या अंगाला मिठाचा वास येतो."

"माझी रोपं कधी तक्रार करत नाहीत."

"त्यांच्यात जीव उरला तर करतील ना, खाटका!"

अशी त्यांची वर्षानुवर्षांची मैत्री होती.

घरी बिनघोरला एक बायको होती आणि कुंडी एकही नव्हती. त्यामुळे निवांत खोलीतून उरलेली सगळी माया घरी तिच्या वाट्याला येई. तिला शिंक आली की हा कपाळाला हात लावी. ती खिडकीत बसली की हा वारा अडवायला उभा राही. ती झोपली की पांघरुणाची कड चारी बाजूंनी दाबून बसवी, आणि त्या दाबण्यानं ती जागी झाली की विचारी, "बरं आहे ना?"

"बरी होते," ती म्हणे. "विचारलंत तोवर बरी होते."

असं सगळं सुखात चाललं असताना इमारतीत प्रोब आला.

प्रोब घेऊन आल्या त्या रसायनवाल्या मॅडम. वयानं लहान, चालण्यात घाई, आणि डगल्याच्या खिशात कायम चंदेरी कागदाची गुंडाळी, कारण त्यांच्या त्या रसायनाला उजेड सोसत नसे. बाटल्या, नळ्या, डब्या, सगळं त्या कागदात गुंडाळून ठेवत. छळवाला म्हणाला, बाई एक दिवस चुकून साहेबांनाच गुंडाळून कपाटात ठेवतील. साहेब म्हणजे संस्थेचे मोठे साहेब. ही सूचना त्यांच्यापर्यंत कुणी पोचवली नाही, हे संस्थेचं नुकसानच.

मॅडमनी दोघा राखणदारांना समोर बसवून समजावून सांगितलं. शिकलेलं माणूस समोर बसवून सांगतं हेच बिनघोरला नवीन होतं. तो पाठ ताठ करून बसला.

"काका, झाडाला त्रास झाला की त्याच्या आत जहाल, जाळणारे कण तयार होतात. ते विझवायला झाडापाशी पहारेकरी असतात. आम्ही त्यांना विकरं म्हणतो, एन्झाइम. आता हा प्रोब. इवलंसं रसायन आहे. एका टोकाला आकडा, दुसऱ्या टोकाला दिवा. जो पहारेकरी कामाला लागलेला असेल, त्याच्याच हातात हा आकडा अडकतो. जो नुसता बसून आहे त्याला लागत नाही. मग निळ्या उजेडात पाहिलं की जिथं पहारा जोरात, तिथं हिरवं चमकतं."

"म्हणजे जिथं त्रास, तिथं चमक?"

"बरोबर."

"आणि आकडा हातात अडकला, तर तो पहारेकरी आग विझवणार कशी?"

"नाही विझवणार. तो कामातून गेला."

बिनघोरनं जरा विचार केला. "म्हणजे काम करणारा कोण ते हुडकायचं, आणि त्यालाच कामातून उठवायचं."

"यात नवीन काय?" छळवाला म्हणाला. "साहेब इतकी वर्षं तेच करतायत."

मॅडमनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. मग सांगितलं, की झाडाला काही होणार नाही, पानाची टिकलीएवढी चकती तेवढी कापून घ्यायची आणि ती चकतीच रसायनात भिजवायची. बिनघोरनं चकत्या काढू दिल्या, पण मॅडम येण्याआधी प्रत्येक रोप फडक्यानं पुसून आणि त्या गेल्यावर जखमेशेजारी अंगठा फिरवून.

पहिल्या खेळाला मोठे साहेब जातीनं आले. काळ्या पडद्यामागची खोली ती केवढी! चौघं आत शिरल्यावर पाचव्याचा श्वास मावला नसता. टेबलावर काचेची बशी, तिच्यात डावीकडे छळवाल्याच्या खारावलेल्या रोपांच्या चकत्या, उजवीकडे निवांत खोलीच्या. मॅडमनी निळ्या उजेडात पानाची स्वतःची तांबूस झाक उठते ती अडवणारी काच पुढं सरकवली आणि निळा दिवा लावला.

डावीकडचे ठिपके हिरवे उजळले. साहेब "सुरेख" म्हणाले. तोवर नजर उजवीकडे गेली. उजवीकडे दिवाळं निघाल्याचं जाहीर करायला दुकानदारानं भरदिवसा दिवे लावावेत, तशी रोषणाई होती.

साहेबांनी वाकून बशी पुन्हा पाहिली.

"खारावलेली कुठली म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"डावीकडची," छळवाला म्हणाला.

"आणि ही?"

"ही सुखी, साहेब."

"दिवा खोटा आहे," बिनघोर म्हणाला. "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचा हा आकडा भलत्याच्या हातात अडकलाय. माझ्या खोलीत त्रास नाही. माझ्या खोलीत काही होतच नाही!"

बाहेर उजेडात आल्यावर साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तुलनेचं झाडच दुःखी निघालं, तर त्याच्याशी तोलून आजवर जे जे छापलं त्याचं काय, हा हिशेब त्यांच्या डोळ्यांपुढून गेला असावा. त्यांची खुर्ची त्याच कागदांच्या चळतीवर उभी होती. पण मोठ्या माणसांना अशा वेळी एक वरदान असतं: दोष त्यांना नेहमी पायऱ्या उतरून खाली गेलेला दिसतो.

"या खेपेची रोपं आहेत तोवर कारण सापडलं पाहिजे," साहेब बिनघोरला म्हणाले. "नाही सापडलं, तर निवांत खोली दुसऱ्याकडे. तुम्ही खाली भांडारात."

भांडार तळघरात होतं. तिथं खराटे, फुटक्या कुंड्या, गंजलेल्या झाऱ्या, आणि एक बल्ब. हिरवं पान नावालाही नाही. बिनघोर एकदाच तिथं गेला होता, खराटा आणायला, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नव्हतं.

मग चौकशी सुरू झाली. मॅडमनी पाणी तपासलं. पाणी निर्दोष निघालं. बिनघोरनं सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "बघा, पाणी निर्दोष!" माती तपासली. माती निर्दोष. दिवे, वारा, कुंड्या, बियाणं, झाडून सगळे निर्दोष. दर वेळी बिनघोरची छाती जरा फुगे, आणि दर वेळी चकत्या अधिकच झगमगत. आपल्या खोलीतलं एकेक जण सुटतंय आणि शेवटी एकच संशयित उरणार आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही. तो दुप्पट जोमानं पानं पुसू लागला. संकटात सापडलेल्या लेकरांची जास्तच काळजी घ्यायला नको?

घरी त्यानं बायकोला सांगितलं, "कुणीतरी माझ्या रोपांना त्रास देतंय. सापडू दे, तंगडीच मोडतो त्याची."

"आणि तोवर माझ्या पायावरचं पांघरूण काढा," बायको म्हणाली. "उकडतंय."

एके सकाळी मॅडम दिव्यांचा उजेड मोजायला लवकर आल्या. दार उघडं होतं. आत बिनघोर तिसऱ्या फळीवर पोचला होता. तोंडानं काहीतरी गुणगुणत, तळव्यावर पान घेऊन, फडकं फिरवत. मॅडम उभ्या राहिल्या. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग अख्खं रोप पाहिलं.

"काका, हे काय?"

"आंघोळ," बिनघोर अभिमानानं म्हणाला. कुणीतरी शिकलेलं माणूस शेवटी पाहायला आलं होतं. "बघा, असं घ्यायचं. असं पुसायचं. ही पाठ. आणि आता हा अंगठा. अंगठ्याशिवाय पुसण्यात जान नाही."

"रोज?"

"रोज. सुटीच्या दिवशीसुद्धा येतो. त्यांना कुठं कळतं सुटी?"

"प्रत्येक पान?"

"मग एकाला पुसून दुसऱ्याला काय सांगू?"

मॅडम जवळच्या स्टुलावर बसल्या. हातातलं मोजणीचं यंत्र मांडीवर ठेवलं. त्या रागावल्या असत्या तर बिनघोरला बरं वाटलं असतं; रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. पण त्यांचा आवाज मऊ झाला.

"काका, पानाला हात म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याच्या लेखी काहीतरी अंगावर आलं. अळी आली असेल, शेळी आली असेल, वादळ आलं असेल. ते आपलं पहारेकरी उठवून बसतं. तुम्हाला रोज कुणी झोपेतून हलवून, तोंडावरून ओलं फडकं फिरवून, गाल दाबून विचारलं, बरं आहे ना, तर?"

बिनघोरनं मनापासून विचार केला. "मला आवडेल," तो म्हणाला. "विचारतंय कोण?"

मॅडम स्टुलावरून उठल्या. त्यांनी वेगळी वाट काढली. खालच्या दोन फळ्यांना हात लावायचा नाही. पाणी लांब तोटीच्या झारीनं, पानाला थेंबही न लागता. वरच्या फळ्यांना आंघोळ नेहमीसारखी. मग पाहू.

बिनघोर लगेच कबूल झाला. त्याला खात्री होती, की बिनमायेची रोपं माना टाकतील, निळ्या दिव्याखाली आक्रोश करतील, आणि मग मॅडम, साहेब आणि तो चौकटीला टेकलेला खाटिक, तिघं मिळून त्याची माफी मागतील. माफी कशी स्वीकारायची याचा त्यानं आरशासमोर सरावही केला. नुसती मान हलवायची, फार बोलायचं नाही, असं ठरलं.

पण हात ऐकेनात. वरच्या फळ्या उरकल्या की हात आपसूक खाली जात. तो ते डगल्याच्या खिशात कोंबी. खिशातही अंगठा हलत राही. खालच्या पानांवर धुळीची बारीक साय धरू लागली. छळवाला रोज येऊन कौतुकानं पाही.

"छान दिसतायत. माणसात आल्यासारखी."

"बोलू नकोस."

"मी कुठं त्यांना बोललो? तुला बोललो."

कोपऱ्यातलं एक रोप होतं. त्याचं एक पान शेजारणीच्या देठाखाली अडकून दुमडलं होतं. बिनघोरनं पहिल्या दिवशी तिकडं पाठ केली. दुसऱ्या दिवशी तिरप्या नजरेनं पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याला वाटलं, पान आपल्याकडे पाहतंय. त्यानं दार लोटलं, आजूबाजूला पाहिलं, आणि एका अंगठ्यानं ते पान सोडवलं. नुसतं सोडवलं. मग आता सोडवलंच आहे तर शीर जरा सरळ केली. सकाळी आल्यावर सोडवलेलं पान कसं आहे ते पाहणं भाग होतं, आणि पाहायचं तर हातात घेणं भाग होतं. असं ते रोजचंच होऊन बसलं. फडकं मात्र लावलं नाही. फडकं लावलं असतं तर शब्द मोडल्यासारखं झालं असतं.

पुन्हा काळा पडदा, पुन्हा काचेची बशी. साहेब या वेळी दाराशीच उभे राहिले. बातमी वाईट निघाली तर निघायला बरं. मॅडमनी निळा दिवा लावला.

वरच्या फळ्यांच्या चकत्या नेहमीसारख्या झळकत होत्या. खालच्या फळ्यांच्या चकत्या काळोखात काळोख होऊन पडल्या होत्या. निवांत. त्या खोलीत इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काही निवांत असावं. आणि त्या काळोखाच्या अगदी कडेला एकच ठिपका हिरवाकंच पेटलेला होता.

"हे कोपऱ्यातलं," मॅडम पुटपुटल्या. "हे एकटंच का?"

"बी वेगळं असेल त्याचं," बिनघोर म्हणाला.

"बी एकाच पाकिटातलं," छळवाला म्हणाला.

"मग नशीब वेगळं असेल!"

"काका," मॅडम म्हणाल्या.

अंधारात माणसाला खोटं बोलणं सोपं जातं असं म्हणतात. पण समोर टिकलीएवढा ठिपका टक लावून बघत असला की नाही जात. बिनघोरनं अंगठा मुठीत लपवला.

"पान दुमडलं होतं," तो म्हणाला. "शेजारणीखाली. मी... फडकं नाही लावलं, शपथ. नुसता अंगठा."

त्याला वाटलं, आता बोलणी बसतील. पण मॅडमनी टाळ्याच पिटल्या. त्या साहेबांकडे वळून भराभरा बोलू लागल्या, की सर, ही चाचणी आपण ठरवूनही इतकी चोख मांडली नसती. सगळी फळी अस्पर्श, पाणी तेच, उजेड तोच, आणि ज्या एकाला हात लागला तेच चमकलं. याहून पक्का पुरावा कुठला! साहेबांनाही पटलं. चूक राखणदाराची निघाली म्हणजे विज्ञान शाबूत राहिलं, आणि विज्ञानाबरोबर खुर्चीही. ते प्रसन्न झाले. एवढ्या आनंदात बिनघोर एकटाच भिंतीला टेकून उभा होता, आपल्याच अंगठ्यानं आपलीच फिर्याद बुडवून.

निवांत खोली छळवाल्याकडे गेली. साहेबांनी कारणही दिलं: "हा माणूस रोपांना हात लावत नाही. बघतसुद्धा नाही. अशाच माणसाची गरज आहे." इतकी वर्षं चौकटीला टेकून राहिल्याचं असं सार्थक झालं.

त्या संध्याकाळी बिनघोर घरी येऊन बसला तो आपल्या अंगठ्याकडेच बघत. बायकोनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट वाढून पुढं ठेवलं. मग त्यानं सगळं सांगितलं. "इतकी वर्षं मी त्यांना छळलं म्हणतात. मी! त्या मिठाच्या पोत्यापेक्षा जास्त!"

बायको आधी हसू दाबत होती. मग दाबवेना. पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की शेजारणीनं भिंतीवर थाप मारली.

"अहो, तो निळा दिवा माझ्यावर धरून कुणी पाहिलं असतं ना," ती डोळे पुसत म्हणाली, "तर अख्खी गल्ली उजळली असती!"

त्यानं पाणी तोडलेल्या रोपासारखी मान खाली घातली. तशी ती जवळ सरकली. आमटीची वाटी त्याच्याकडे ढकलली.

"बघा माझ्याकडे. अहो, बघा तर. आहे ना मी उभी? वाढले नसेन फार, पण दणकट आहे. जेवा आता. मी कपाळाला हात लावू का तुमच्या?"

"लाव," बिनघोर म्हणाला. आणि तिनं लावला.

भांडारात पाठवायचं मात्र राहून गेलं, आणि त्याला कारण मॅडम. त्यांनी साहेबांना गाठून सांगितलं, की तहान, मीठ, गारठा या छळांच्या यादीत आता स्पर्शही घालायला हवा, आणि त्यासाठी रोज, सारख्याच जोरानं, प्रत्येक पानावर फिरणारा हात हवा. असा हात तयार करायला वर्षं लागतात. आपल्याकडे तो तयार आहे. साहेबांना कल्पना आवडली. फुकट मिळालेली वस्तू त्यांना नेहमीच आवडे. अशा रीतीनं बिनघोर समोरच्या खोलीत आला. तहानलेल्या, खारावलेल्या आणि गारठलेल्या रोपांच्या शेजारी त्याला एक फळी मिळाली. फळीवर चिठ्ठी होती: "स्पर्श". तीन छळ वस्तूंचे, चौथा त्याचा.

निवांत खोलीची किल्ली देताना त्यानं छळवाल्याला दिवा, पंखा, झारी, दार लावायची पद्धत, सगळं समजावलं. छळवाल्यानं ऐकताना कान खाजवला. एवढं ऐकलं हेच खूप.

पहिल्या सकाळी मॅडम शेजारी उभ्या राहिल्या. बिनघोरनं फडकं पिळलं, तळव्यावर पान घेतलं, आणि थांबला.

"किती जोरात?"

"नेहमीसारखं, काका."

त्यानं फडकं फिरवलं. फिरवलं कसलं, पानावरून वारा गेला. मॅडमनी मान हलवली. दुसऱ्यांदा त्यानं मन घट्ट केलं, तर पान देठाशी मोडलं.

"नेहमीसारखं," मॅडम पुन्हा म्हणाल्या.

"मॅडम," बिनघोर म्हणाला, "ते आतले पहारेकरी दचकून उठतायत हे ठाऊक झाल्यावर नेहमीसारखं कसं जमणार? तेव्हा मला वाटत होतं, ती डोळे मिटून घेतायत."

त्या दिवसाच्या चकत्या मंद निघाल्या. दुसऱ्या दिवसाच्याही. इकडे साहेबांची चौकशी आली: स्पर्शाचं काय झालं? जमत नसेल तर भांडारात माणूस हवाच आहे. मॅडमनी बरंच डोकं खाजवलं. मग त्यांना कळलं, की बिनघोर पानाकडे पाहतो म्हणून हात बिचकतो. नजर आणि जीभ दुसरीकडे गुंतली की हात जुनी वाट आपसूक धरेल. आणि या माणसाची जीभ गुंतवू शकेल असं त्या इमारतीत एकच माणूस होतं.

तेव्हापासून रोज सकाळी छळवाल्याला कामावर बोलावून भांडायला लावतात. तो समोरून येतो, चौकटीला खांदा टेकतो, चहाचा घोट घेतो. मॅडम घड्याळ पाहून खूण करतात.

"काय रे," तो सुरू करतो, "तुझ्या त्या जुन्या खोलीतली रोपं बघितलीस? एकेक पान वाढलंय हे एवढं. लांबलचक. तू होतास तेव्हा खुजी राहिली होती बिचारी."

"खुजी नव्हती, दणकट होती! तुला बुंधा म्हणजे काय ते ठाऊक आहे का?" बिनघोर फणकारतो, आणि खाली त्याचा तळवा पान उचलतो, फडकं देठापासून टोकाला जातं, पान उलटतं.

"काल तर मी झारी द्यायचीच विसरलो."

"विसरलास? अरे, माणूस आहेस की..." अंगठा शिरेवरून फिरतो, नेमका, एकसारखा, मॅडमना हवा तसा. पुढचं पान. पुढचं रोप. मॅडम श्वास रोखून पाहत असतात.

"आणि धूळ काय साचलीये म्हणून सांगू! म्हटलं आज जरा बोट फिरवून बघावं, निघते का."

"खबरदार!" बिनघोर फडकं हवेत उगारून ओरडतो. "हात लावू नकोस त्यांना!"

आणि दुसऱ्या हातानं पुढचं पान तळव्यावर घेतो.